श्वास धरून ठेवा

एकाहत्तरच्या मार्चात डॉक्टर आपल्या देशी परत गेले
आणि जाताना मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात
एक्स-रे खोलीच्या दाराशी एक खोकं ठेवून गेले.
वर खडूनं लिहिलेलं : एलिया मधाळेंसाठी. जपून.
बाबांना वाटलं, नव्या फिल्मा आल्या.

चौतीस रेकॉर्डी निघाल्या,
आणि एक प्लेअर, ज्याचं झाकण हाच स्पीकर.
बाबांनी पहिली रेकॉर्ड काढली ती कडेकडेनं, दोन तळव्यांत,
ओली प्लेट धरतात तशी,
आणि सवयीनं खिडकीच्या उजेडासमोर नेली.
बराच वेळ बघून म्हणाले,
फ्रॅक्चर नाही.

कव्हरांवरची पोरं बघून आई बिचकली.
खांद्यापर्यंत केस, तारवटलेले डोळे,
एकाच्या अंगात झालरीचं जाकीट, पाय अनवाणी.
ह्यांचा कुणी ताप बघितला का आधी?
पण एका कव्हरावर एक काळी बाई होती, कपाळावर घाम, डोळे मिटलेले.
ती लागली तेव्हा आई मागं क्वार्टरमध्ये भाकरी थापत होती.
पिठाच्या हातानं तशीच आली, उंबऱ्यात उभी राहिली.
ही देवळात शिकलीय, म्हणाली.
शब्द कसलेही असोत.
ओळ संपली की बघा कशी थांबते,
कुणीतरी आमेन म्हणेल म्हणून.

आईला इंग्रजी यायचं नाही.
अठरा वर्षं ती अल्टो गात होती, मागच्या बाकावरून.
तव्यावरची भाकरी करपली.

दस्तगीरचाचा आले ते पावसाळ्यानंतर.
सतारमेकर गल्लीतून चालत, मध्ये दोनदा बसून.
बोटांना लाखेचा वास, मिशीत लाकडाचा भुसा, आणि तो खोकला.
छातीची प्लेट न्यायला आले होते.
बाबा म्हणाले, बसा चाचा, एक गंमत ऐकवतो.

गिटारींच्या गलक्यात अचानक एक सतार वाजली.
चाचांनी हात वर केला. परत लाव.
बाबांनी सुई मागं नेली.
परत.
तिसऱ्यांदा ऐकताना चाचांनी मान स्पीकरात घातली म्हणा ना.
जवारी खुल्ली है इसकी, म्हणाले. कुणी घासूनच दिली नाही.
आणि पोरगं तार ओढत नाही, नुसतं टोचतंय,
डास मारल्यासारखं.
मग जरा वेळानं :
भोपळा मात्र झकास वाळवलाय, एलिया.
कुणी केली असेल रे?

ते इतके हसले की खोकला थांबेना.
बाबांनी पाणी दिलं.
प्लेट, चाचा म्हणाले.
बाबा म्हणाले, अजून ओली आहे. उद्या या.

मी नऊ वर्षांची होते. डबा घेऊन आले होते.
आतल्या तारेवर, चिमट्याला, प्लेट मी पाहिली होती.
खडखडीत वाळलेली.
सांगायचं काम डॉक्टरांचं, आणि नवे डॉक्टर सोमवारी यायचे होते.

त्या रात्री बाबांनी ती लावली
जी आमच्यात कुणालाच कळायची नाही.
तिला ना शब्द, ना धरायला चाल,
एक माणूस सॅक्सोफोनमधून
काहीतरी विचारतोय, विचारतोय,
मागं झांजेवर कुणी वाळू ओततंय.
प्रत्येक वेळी वाजवायच्या आधी त्याचा श्वास ऐकू यायचा,
नाकातून, खोल, एवढा जवळ की मी मागं पाहिलं.
बाबा अंधारात बसलेले.
दिवसातून पन्नासदा जे म्हणायचे
तेच म्हणाले, हळू, त्या परक्या माणसाला :
श्वास घ्या.
धरून ठेवा.
हलू नका.

पुढचा शब्द त्यांनी म्हटला नाही.
बाजू संपली. सुई मधल्या कागदापाशी
खरखरत राहिली, आणि कुणी उठलं नाही.

कव्हरं वाळवीनं खाल्ली, ब्याऐंशीत.
तेव्हापासून रेकॉर्डी एक्स-रेच्या खाकी पाकिटांत आहेत,
बाबांच्या अक्षरात नंबर घातलेल्या.
चौतीस रेकॉर्डी. पाकिटं पस्तीस.